तेवढा हेल काढा

"सर, छान झालं, पण तेवढा हेल काढता का?" डबिंगच्या बाई कानात म्हणाल्या. कानात म्हणजे हेडफोनमध्ये. बाई स्वतः तिकडे, मी तरुणपणी सोडून आलेल्या देशातल्या कुठल्याशा स्टुडिओत बसलेल्या, आणि मी इथे एका काळोख्या खोलीत, मायक्रोफोनपुढे, उंच स्टुलावर. मधल्या काचेपलीकडे इथला ध्वनिमुद्रक होता. त्याला आमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक वाक्यानंतर तो अंगठा वर करून मला शाबासकी देत होता. "कुठला हेल?" मी विचारलं. बाई हसल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असाव्यात, हसणं मोकळं होतं. "तो हो, तुम्ही कॅरॅक्टरला दिलाय तो. बाहेरचा माणूस आपली भाषा शिकून बोलतो ना, तसा. मस्त पकडलाय तुम्ही, पण या म्हाताऱ्याला तो नकोय. हा साधा माणूस आहे. साधं बोला, घरी बोलता तसं." मी साधंच बोलत होतो. घरी बोलतो तसंच बोलत होतो. मग सगळं आयुष्य नट म्हणून काढलेल्या माणसाच्या तोंडून जे यायचं तेच आलं. "बरं," मी म्हणालो, "काढतो. मला वाटलं, जरा गंमत येईल." काचेपलीकडे अंगठा वर झाला.

आपण खोटं बोललो असं तेव्हा वाटलंही नाही. रंगमंचावर पाय अडखळला तर अडखळणं नाटकातलंच होतं असं भासवून पुढे जायचं, हे इतकं अंगात मुरलंय की घराच्या जिन्यात ठेच लागली तरी मी आधी चेहरा सावरतो आणि मग गुडघा बघतो. वेळ मारून नेली, एवढंच. पण आता तो हेल काढायचा होता, आणि तो नेमका कुठे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. समोरच्या पडद्यावर माझाच चेहरा होता. पाडायला काढलेल्या इमारतीत एकटा मागे राहिलेला म्हातारा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलाय, आणि त्याला घेऊन जायला आलेली मुलगी धापा टाकत खाली उभी आहे. कानात टिक टिक टिक होतं आणि मग म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागतात, त्या हलण्यात आपलं वाक्य बसवायचं. "दमलीस का? बस जरा. घर कुठे पळून जात नाही." मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. जरा सपाट म्हणालो. मग शेवटचा शब्द खाली उतरवून म्हणालो. पडद्यावर ओठ हलत होते ते इकडच्या भाषेत, कारण चित्रपट इकडच्या भाषेत झाला होता, आणि त्यांना आमच्या भाषेचे शब्द पुरे पडत नव्हते नाहीतर उरत होते. दुसऱ्या कुणाचे ओठ असते तर मी त्यांना चार शिव्या दिल्या असत्या. स्वतःच्याच तोंडाला काय म्हणणार? "आता जरा नाटकातलं झालं, सर," बाई म्हणाल्या. "हरकत नाही. आपण उद्या घेऊ. दमला असाल."

दमलो नव्हतो. रस्त्यावर आलो तेव्हा उन्हं अजून वर होती, दुकानं उघडी होती. मी चालत घरी निघालो आणि चालता चालता मनातल्या मनात बोलून बघू लागलो. दमलीस का. बस जरा. सिग्नलपाशी एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती, तिने माझ्याकडे बघून गाडी जवळ ओढली, त्यावरून कळलं की बोलणं मनातल्या मनात राहिलेलं नाही. मला अपमान वाटत होता का? नाही. अपमान मला ओळखता येतो, त्याची आणि माझी जुनी ओळख आहे. हे काहीतरी वेगळंच होतं. खिशात किल्ली असायलाच हवी म्हणून हात घालावा आणि बोटांना नुसतं अस्तर लागावं, तसं. मग माणूस बाकीचे खिसे चाचपतो. मी तसा चालत होतो, बाकीचे खिसे चाचपत.

हट्ट माझाच होता. हा चित्रपट तिकडे आमच्या भाषेत लागणार असं निर्मात्याने सांगितलं, तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो की माझा आवाज मीच देणार, आणि दुसरा आवाज घ्यायची वेळ आलीच तर माझ्या संमतीशिवाय घेता येणार नाही, हेही लिहून घेतलं. निर्मात्याला वाटलं, म्हाताऱ्याचा अहंकार. होताच तो. पण खरं कारण ताई होती. माझी मोठी बहीण. मी इकडे आलो तो नाट्यशिक्षण घ्यायला, आणि शिकून झाल्यावर इथेच राहिलो. नाटकं काही पेटीत भरून पाठवता येत नाहीत. मालिकांमधून कामं केली, त्या तिकडे कधी दिसल्या नाहीत. दोन-चार चित्रपट भाचीने, म्हणजे ताईच्या मुलीने, कुठून कुठून मिळवून तिला मोबाइलवर दाखवले, तर ताईने सबंध बघून मला फोनवर सांगितलं, "तोंड छान हलतं रे तुझं." तिला इकडची भाषा येत नाही. मग तिचे डोळे गेले. शिवणाचे क्लास घेऊन घर चालवलेली बाई, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची, तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणजे आधी दिसायचं पण समजत नव्हतं, आणि समजेल अशी वेळ आली तेव्हा दिसेनासं झालं. मी आयुष्यभर काय केलं हे ताईला एकदाच, याच चित्रपटात, आणि तेही कानानेच कळणार होतं. म्हणून स्टुडिओची तारीख ठरायच्या आधीच मी तिला सांगून बसलो होतो. "ताई, यात मी बोलणार आहे. आपल्या भाषेत. माझ्या तोंडाने." "खरंच बोलणार का तोंड हलवणार नुसतं?" तिने विचारलं होतं. आणि मग शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. चालता चालता मधेच थांबलो तो हे आठवून, बाईंच्या बोलण्याने नव्हे.

घरी बायको तिच्या खोलीत विग विणत होती. ती इथलीच. नाटकाचे, सिनेमाचे विग करते. लाकडी डोक्यावर जाळी ताणून एकेक केस आकड्याने ओवते, आणि त्या वेळी तिच्याशी बोललेलं तिला आवडत नाही. मी दारात उभा राहिलो. या खोलीत लाकडी डोकी ओळीने मांडलेली असतात, बिनडोळ्यांची, आणि काही न करता ती नेहमी माझ्यापेक्षा शहाणी दिसतात. बायकोला आमची भाषा येत नाही. लग्न झाल्यावर थोडी शिकायचा प्रयत्न केला होता तिने, पण मीच शिकवायला वाईट. एक शब्द चुकला की तालमीतल्यासारखा ओरडायचो, म्हणून तिने हात टेकले. मुलीला थोडी समजते, बोलत नाही. तेव्हा आमची भाषा मी बोलतो ती आठवड्यातून एकदा, रविवारी, ताईशी. इथे सकाळ असते, तिकडे संध्याकाळ. तब्येत, भाचीची नोकरी, कोण गेलं, कोणाचं काय झालं. एवढ्याशा बोलण्यावर मी इतकी वर्षं समजत होतो की माझी भाषा माझ्यापाशी आहे, जशी होती तशी, घडी न मोडता.

जीभ बदलायला मी काय कमी कष्ट घेतले होते! इथे आल्यावर पहिलं वर्ष सगळं त्यात गेलं. नाट्यशाळेत उच्चार शिकवणाऱ्या एक बाई होत्या, उंच, कोरड्या, कायम सर्दी झालेल्या. त्या आरशापुढे उभं करायच्या आणि ओठांसमोर कागदाची अरुंद पट्टी धरायच्या. अमुक अक्षराला पट्टी हलली पाहिजे, तमुक अक्षराला हलता कामा नये. माझी पट्टी नेमकी उलटी वागायची. बाकीची मुलं संध्याकाळी फिरायला जायची आणि मी भाड्याच्या खोलीत आरशापुढे पट्टी धरून बसायचो. घरमालकीण एकदा दार ढकलून आत आली आणि तिला वाटलं, मला झटका आलाय. पण मी चिकट. वर्षाअखेर पट्टी मुकाट ऐकायला लागली, आणि पहिल्या नाटकात मला काम मिळालं ते द्वारपालाचं. "महाराज, ते आले आहेत." एवढंच वाक्य. ते मी इतकं स्वच्छ म्हणालो की एका समीक्षकाने लिहिलं, द्वारपालाचे उच्चार महाराजांपेक्षा चांगले होते. महाराज माझ्याशी पुढे महिनाभर बोलले नाहीत. मी ते कात्रण ताईला पाठवलं होतं. तिने अर्थातच कुणाकडून तरी वाचून घेतलं असेल.

मग आमची स्वतःची नाटकमंडळी निघाली, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिथे तालमीनंतर सगळ्यांच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास यायचा. ती वर्षं सुखाची होती. मी बसवायचो, मीच कामही करायचो, आणि बसवताना माझी एक खोड होती, प्रवेश जमला की नाही हे बघायचं असलं की मी नटांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. नट डोळ्यांना फसवतात. हातवारे करतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि बघणारा भुलतो. पाठ केली की नुसता आवाज उरतो, आणि कोण खरं बोलतंय नि कोण सोंग आणतंय ते लगेच कळतं. मंडळीतली पोरं मला पाठमोरा म्हणायची. "पाठमोरा आज खूश नाही, मानेवरून कळतंय," असं माझ्या मागे, आणि शब्दशः मागेच, चालायचं. तिथून मग पडद्यावर गेलो. पडद्यावाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमचे उच्चार फार चांगले आहेत, पण तुम्ही दिसता तिकडचे, तेव्हा बोलण्याला जरा तिकडचा वास येऊ द्या. ज्या जिभेला घासून घासून पुसलं होतं तिच्यावर आता पुन्हा डाग पाडायचे! पण घरभाडं होतं, मुलगी लहान होती. मी एक हेल तयार केला. थोडा आमच्या जुन्या मास्तरांचा, थोडा एका मामांचा, थोडा कुणाचाच नाही असा. त्या हेलावर मी डॉक्टर झालो, टॅक्सीवाला झालो, राजदूत झालो, खुनी झालो आणि खून झालेलाही झालो. तसं तिकडे कुणीही बोलत नाही. पण इथल्या प्रेक्षकांना पटायचं, आणि पटलं की झालं. तो हेल मी काम संपलं की मेकअपसारखा पुसून घरी जातो, असं मला वाटत होतं.

या चित्रपटातला म्हातारा हे पहिलं काम होतं ज्यात दिग्दर्शकाने मला काहीच वास येऊ द्यायला सांगितलं नाही. नुसता माणूस. चित्रीकरणात मी घाबरलो होतो हे आज कबूल करायला हरकत नाही, कारण आडोशाला काहीच नव्हतं. दोन-तीन दिवस मी म्हातारा होण्याचा प्रयत्न केला, मग ध्यानात आलं की मी म्हाताराच आहे, आणि प्रयत्न सोडला. त्यानंतर सगळं सोपं झालं. जिन्यातल्या त्या प्रसंगात मुलगी झालेली नटी रडायला लागली, ते लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शकाने ठेवलं. मला इतका आनंद झाला होता की घरी येऊन मी बायकोला लाकडी डोक्यांसमोर सबंध प्रसंग करून दाखवला, आणि तिने चक्क आकडा खाली ठेवून बघितला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी सगळं करून पाहिलं. ताईशी बोलतोय अशी कल्पना केली. लहानपणच्या घरातली माणसं आठवून त्यांच्यासारखं बोललो. "शब्द थोडे जुने वाटतात का हो?" बाई संकोचून म्हणाल्या. "म्हणजे चुकीचे नाहीत. पण असं आता कुणी बोलत नाही. माझे आजोबा बोलायचे." मी शब्द बदलले, हेल राहिला. हेलाकडे लक्ष दिलं तर शब्द लंगडे झाले. बाई फार चांगल्या होत्या. एकदाही आवाज चढवला नाही, उलट प्रत्येक वेळी आधी कौतुक करायच्या, आणि कौतुक ऐकलं की मला पुढचं कळून चुकायचं; मीही नटांना असंच सांगत आलो होतो. शेवटी मीच म्हणालो, "बाई, खरं सांगू? तो हेल मी लावलेला नाही." मग त्या हळूच म्हणाल्या, "हो सर. काल रात्री आलं माझ्या लक्षात. मी काय बोलून बसले म्हणून मलाच झोप लागली नाही." मला त्यांची दया आली आणि स्वतःचं हसू आलं. मी म्हणालो, "अहो, त्यात तुमचं काय चुकलं? तुम्ही नुसतं ऐकलंत." काचेपलीकडे तो अंगठा आपला वरच.

दोन दिवसांनी त्यांनी एक तुकडा पाठवला. त्यांच्याकडे एक नट होता, रेडिओवर आणि मालिकांमध्ये आवाज देणारा. त्याच्याकडून जिन्यातला प्रसंग करून घेतला होता. बरोबर माझाही जोडला होता, उत्तमातला उत्तम. "सर, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच लिहिलं होतं. निर्मात्याची घाई होती, त्यांनी ते लिहिलं नव्हतं, पण मला माहीत होतं. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर यंत्र ठेवलं, आधी माझा लावला, मग त्याचा. बघताना मला माझाच बरा वाटला. चेहरा माझा, आवाज माझा, कुणाला बरा वाटणार नाही? मग मी उठलो, खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, यंत्राकडे पाठ केली आणि पुन्हा दोन्ही ऐकले. पहिल्यात एक मुद्दाम चांगलं बोलणारा माणूस होता. प्रत्येक शब्द नीट ठेवत होता, परक्याच्या घरी कपबशी ठेवावी तसा. दुसऱ्यात एक म्हातारा जिन्यात बसला होता. "दमलीस का? बस जरा." त्याने ते असं म्हटलं की मला खरंच बसावंसं वाटलं. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही. पण माझ्या मंडळीत असता तर मी त्याला मिठी मारली असती.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. "पुन्हा लाव," ती म्हणाली. मी पुन्हा लावलं. तिला शब्द कळत नव्हते, पण ती डोळे बारीक करून ऐकत राहिली, विगची कड तपासते तशी. "पहिला तू आहेस," ती म्हणाली. "हो." "केस चांगले आहेत, पण विग आहे हे दिसतंय." मग म्हणाली, "तुला वाईट वाटलं का?" मी म्हणालो, "हो. फार वाईट वाटलं." हे मी इतकं सरळ कधी कुणाला सांगितलं नसेल. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी विचार करत होतो की नाही म्हणायचा हक्क मला आहे. कागदावर आहे. माझा आवाज ठेवा म्हटलं तर त्यांना ठेवावा लागेल. तिकडे लोक हसतील थोडे, म्हणतील, म्हातारा असा काय बोलतो, पण ताईला मी ऐकू येईन. एक नाही म्हटलं की झालं. आणि त्याच वेळी माझ्यातला पाठमोरा, मानेवरून कळेल इतकं स्पष्ट, सांगत होता की दुसरा घ्या. दुसरा खरा आहे. उभा जन्म मी नटांना हेच सांगत आलो होतो, की तुमच्या आईला, बायकोला, बहिणीला काय वाटेल ते नाटकाच्या दाराबाहेर. आता स्वतःवर पाळी आली म्हणून दार उघडायचं? मी बाईंना फोन केला आणि म्हणालो, "दुसरा घ्या. आणि त्यांना माझा नमस्कार सांगा." बाई रडवेल्या झाल्या. मी त्यांची समजूत काढली.

ताईला सांगितलं नाही. त्या रविवारी सांगणार होतो, पण तीच म्हणाली की खालच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका यायच्यात सिनेमाला, आणि मग माझा धीर झाला नाही. पुढच्या रविवारी तिला खोकला होता. असं करत करत चित्रपट लागायचा दिवस आला. त्या आठवड्यात मी एका मालिकेत न्यायाधीशाचं काम करत होतो. दिवसभर उंच खुर्चीवर बसून दुसऱ्यांना खरं बोलायला सांगायचं, आणि मधल्या सुट्टीत आपण आपला विचार करायचा. वाटायचं, ताईला कळणार नाही. इतक्या वर्षांत तिने माझा आवाज ऐकलाय तो फोनवरचा, खरखरणारा. थिएटरमधल्या त्या मोठ्या, स्वच्छ आवाजाला ती मीच समजेल. समजेल आणि खूश होईल. मग काय बिघडलं? पण मग वाटायचं, ती खूश होईल ती त्या रेडिओवाल्यावर, आणि मी सबंध आयुष्य तिला ऐकू न येताच संपेन. हे वाटलं की न्यायाधीशाचा डगला अंगाला टोचायला लागायचा. दिग्दर्शकाला माझी अस्वस्थता फार आवडली. म्हणाला, निकाल देताना अगदी अशीच ठेवा.

रविवारी सकाळी फोन मीच केला. आधी भाची आली. "मामा! काय बोललायस रे! शेजारचे म्हणत होते, इतकी वर्षं तिकडे राहून इतकं चांगलं? आम्हाला येत नाही असं बोलता. मी म्हटलं, मामा कोणाचा आहे!" मी हसलो, हं हं म्हणालो. "आईला देते," ती म्हणाली. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला, मग ताईचा श्वास. "हं, ठोंब्या," ताई म्हणाली. लहानपणापासून ती मला हेच म्हणते. "आम्ही गेलो होतो बरं का. खुर्ची इतकी मऊ, मला वाटलं बुडतेच. सगळ्यांना फार आवडला. खालच्या बायका तर डोळे पुसत होत्या." "आणि तुला?" मी विचारलं. ती तिकडे वळून भाचीला म्हणाली, "जरा दार लोटून घेतेस का गं? बाहेर आवाज आहे." दार लागल्याचं मला ऐकू आलं. मग ताई हळू आवाजात म्हणाली, "कोण होता रे तो?"

"कोण?" मी म्हणालो. नट तो नटच. "बोलणारा," ताई म्हणाली. "मी काय तुला आज ओळखते? म्हातारा म्हणाला ना पहिल्यांदा, दार उघडंच आहे, तेव्हाच कळलं, हा आपला नाही. छान बोलतो हो. गोड आवाज आहे. पण मला वाटलं, हा दुसरा कुणी असेल, तू पुढे येशील. म्हणून मी वाट बघत बसले. जरा कुणी नवीन बोलायला लागलं की वाटायचं, हा असेल. सबंध सिनेमाभर, आत्ता येईल, आत्ता येईल. ही मला शेजारून कोपर मारत होती, आई, मामा बोलतोय बघ, मामा बोलतोय बघ. मी आपली हो हो म्हणत होते." "तू सांगितलं नाहीस तिला?" "कशाला सांगू? सगळे इतके खूश होते. विचारलं तर म्हटलं, तोच. माझा भाऊ." अंधारात त्या मऊ खुर्चीत बसलेली ताई मला दिसत होती, आणि तिच्या समोर भिंतभर पसरलेला माझा चेहरा.

"ताई," मी म्हणालो, "त्यांना माझा आवाज चालला नाही. माझी भाषा बिघडली म्हणे. परका माणूस बोलतो तशी झालीय." "बिघडलीच आहे," ताई म्हणाली. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. "मला काय आज कळतंय? कधीपासून ऐकतेय. आधी वाक्याचं शेपूट वर जायला लागलं. मग मधेच थांबायला लागलास, शब्द शोधत. मग तर असा बोलायला लागलास की बँकेतला साहेब बोलतोय. एकेका रविवारी थोडं थोडं." "मग बोलली का नाहीस कधी?" माझा आवाज चढला असावा. "इतकी वर्षं? एका शब्दाने सांगायचंस!" ताई शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तू फोन करायचा थांबला असतास. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही? चुकतंय म्हटलं की तू ते करणंच सोडतोस. म्हटलं, बिघडू दे बिघडली तर. येतोय ना आवाज."

बायको दारात येऊन बघून गेली. मी रडत होतो आणि रडताना कसा दिसतोय याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे बऱ्याच वेळाने ध्यानात आलं. "ठोंब्या, आहेस का?" ताईने विचारलं. "आहे." "मग बोल आता. तो काय काय म्हणाला ते मी नीट ऐकलंच नाही, सगळं लक्ष तुझ्याकडे. काय गोष्ट आहे त्या म्हाताऱ्याची? पहिल्यापासून म्हण. नीट-बीट बोलायच्या भानगडीत पडू नकोस, आहे तसं म्हण." मी नाक पुसलं. घसा साफ केला. आमच्या भाषेतला म्हातारा मला पाठ होता, इतके दिवस त्यासाठीच झटलो होतो. "दार उघडंच आहे," मी म्हणालो, आणि शेवटचा शब्द वर गेला, मला स्वतःला ऐकू आलं.

"हं," ताई म्हणाली. "पुढे?"